जास्त दिले, की जास्त मिळाले? कबड्डीच्या लिलावाचा एक छोटा इतिहास

(कन्नड येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



औट्रम घाट चढून येताना रस्त्यालगतच्या एका गावात पोरं कबड्डी खेळत होती. चुन्याच्या रेघा, मातीचं मैदान, अर्धी पोरं अनवाणी. गाडी थांबवून पाच मिनिटं पाहत बसलो. एक काटकुळा पोरगा चढाईला गेला आणि तिघांना मारून परत आला. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाबांना मी म्हटलं, "पोरगा चांगलाय." ते लगेच म्हणाले, "लिलावात गेला तर कोटीचा आहे, साहेब!"

मी इतिहासाचा मास्तर. माझ्या डोक्यात एकच आलं. माझ्या लहानपणी गावातल्या बाबांनी असं वाक्य उच्चारलंच नसतं. तेव्हा चांगल्या खेळाडूबद्दल म्हणायचे, "पोलिसात लागेल" किंवा "बँकेत लागेल". म्हणजे तीस-चाळीस वर्षांत आपल्या बोलण्यातला खेळाडूचा मोबदला नोकरीवरून भावावर आला. हे कसं झालं, आणि हा भाव बरोबर असतो का, हा आजचा विषय.

त्यासाठी मी एकच खेळाडू मध्यभागी ठेवणार आहे. सिद्धार्थ देसाई. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातलं हुंदळेवाडी हे त्याचं गाव. एप्रिल २०१९ मध्ये प्रो कबड्डी लीगच्या सातव्या हंगामाचा लिलाव मुंबईत झाला. त्यात तेलुगु टायटन्स या हैदराबादच्या संघानं त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतलं. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली. आणि त्याच्या नावावर प्रो कबड्डीचा तोवर किती अनुभव होता? फक्त एक हंगाम. तेव्हापासून कबड्डीच्या कट्ट्यावर वाद चालू आहे, टायटन्सनी पैसे जास्त मोजले का?

आधी थोडं मागं जाऊ

खेळाडूला पैसा मिळणं ही गोष्ट आपल्याकडं नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापुरात पैलवानाला राजाश्रय होता. तालीम, खुराक, वस्ताद, सगळं दरबारातून. १९१२ साली खासबागचं कुस्ती मैदान उभं राहिलं, ते त्याच आश्रयातून. आपल्या मराठवाड्यात राजाश्रय नव्हता, पण जत्रेचा फड होता. नारळापासून सुरू होणाऱ्या कुस्त्या, आणि शेवटच्या कुस्तीला गावानं वर्गणी काढून लावलेलं इनाम. त्या इनामाचा आकडा कोण ठरवायचं? गाव. पैलवान नवा असला तर कमी, नावाजलेला असला तर जास्त. पण एक लक्षात घ्या, इनाम कुस्ती झाल्यावर मिळायचं. जिंकलास तर घे. लिलावाचा पैसा मात्र आधी ठरतो आणि खेळ नंतर होतो. हा फरक आज पुढं कामाला येणार आहे.

कबड्डीत तर एवढंही नव्हतं. आपल्याकडं तिला हुतूतू म्हणायचे. नियम गावोगाव वेगळे. विसाव्या शतकाच्या विसाव्या-तिसाव्या वर्षांत महाराष्ट्रातल्या व्यायामशाळांनी आणि शारीरिक शिक्षणाच्या मंडळींनी नियम एका ठिकाणी आणले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं तिथं देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्यात हा खेळही होता. पुढं शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्या माणसांनी आयुष्य घातलं, आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकाचा खेळ झाली. तिथून २०१४ पर्यंत पुरुषांचं प्रत्येक सुवर्ण भारताचं.

आता या सगळ्या काळात खेळाडूला काय मिळालं? मुंबईत लालबाग-परळची गिरणगावची मंडळं होती. चांगला खेळला की बँक, रेल्वे, पोलीस, एखादी कंपनी त्याला नोकरीत घ्यायची. पगार, वरच्या जागेची आशा, निवृत्तिवेतन. मोठा खेळाडू आणि मध्यम खेळाडू यांच्या पगारात फारसा फरक नसायचा. ज्याच्या नावावर मैदान भरायचं तो आणि जो बाकावर बसायचा तो, दोघंही महिन्याच्या एक तारखेला एकाच खिडकीवर उभे राहायचे. यात एक न्याय होता आणि एक अन्यायही होता.

अन्यायाचं मोठं उदाहरण कुस्तीतलं आहे. खाशाबा जाधव, कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ ला हेलसिंकीला जायला त्यांच्याकडं पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. नंतर ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. आता मला सांगा, खाशाबांची किंमत किती होती? कुणी काढलीच नाही.

हॉकीतही तेच. पुण्याजवळच्या खडकीतला पोरगा धनराज पिल्ले चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई स्पर्धा खेळला. १९९८ ला बँकॉकमध्ये त्याच्या नेतृत्वाखाली सुवर्ण आलं, आणि त्यानंतर त्याच्यासह काही जणांना संघातून वगळलं. खेळाडूंच्या पैशांबद्दल बोललो म्हणून हे झालं, असं धनराजचं म्हणणं होतं. म्हणजे त्या काळात खेळाडूनं पैशाचा शब्द काढणं हाच गुन्हा. आणि वीस वर्षांनी आपण विचारतोय, "याला जास्त दिले का?" हा प्रश्न विचारण्याची वेळ आली, हीसुद्धा एक प्रगती आहे, हे आधी मान्य करू.

भाव कसा चढला

२६ जुलै २०१४ ला मुंबईत प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला. त्याआधीच्या लिलावात सर्वांत महाग खेळाडू होता राकेश कुमार, भारताचा कर्णधार. पाटणा पायरेट्सनी त्याला १२ लाख ८० हजारांना घेतलं. तेव्हा हा आकडाही लोकांना अचाट वाटला होता. २०१७ ला नितीन तोमर ९३ लाखांवर गेला. आणि मे २०१८ च्या लिलावात एकाच वेळी सहा जण कोटीला पोचले किंवा कोटी ओलांडून गेले. त्यात आपला मुंबईचा रिशांक देवाडिगा होता, १ कोटी ११ लाख. त्याच वर्षी जानेवारीत त्याच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रानं हैदराबादला राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं होतं. सर्वांत वर मोनू गोयत, १ कोटी ५१ लाख, हरियाणा स्टीलर्स. आणि स्टीलर्स त्या हंगामात आपल्या गटात तळाला राहिले.

म्हणजे चार वर्षांत वरचा भाव बारा पटींच्या आसपास गेला. आपल्याकडच्या कुठल्या पिकाचा गेला?

त्याच २०१८ च्या लिलावात यू मुंबानं सिद्धार्थ देसाईला ३६ लाख ४० हजारांना घेतलं होतं. त्याचं नाव महाराष्ट्राबाहेर फार कुणाला माहीत नव्हतं. उंच, भरदार, खांद्यात ताकद. चढाईला गेला की पकडणाऱ्याला अंगावर घेऊन मध्यरेषेला टेकायचा. लोकांनी त्याला 'बाहुबली' म्हणायला सुरुवात केली. २१ सामन्यांत चढाईचे २१८ गुण. पहिल्याच हंगामात! यू मुंबा बाद फेरीत गेली आणि पहिल्याच सामन्यात यूपी योद्धाकडून हरली.

मग यू मुंबानं त्याला कायम ठेवलं नाही. तो लिलावात आला, आणि १ कोटी ४५ लाखांचा झाला.

हिशोब मांडू

आता वादाकडं येऊ. दोन्ही बाजू नीट मांडतो.

सातव्या हंगामात प्रत्येक संघाकडं खेळाडूंसाठी ४ कोटी ४० लाखांची थैली होती. त्यापेक्षा एक रुपया जास्त खर्चायचा नाही. त्यातले १ कोटी ४५ लाख म्हणजे थैलीचा तिसरा हिस्सा एका माणसावर. उरलेल्या पैशांत बाकीचा सगळा संघ उभा करायचा. घरातली आई बाजाराला निघताना पिशवीत जेवढे पैसे असतात तेवढ्यातच सगळं बसवते. तिनं तिसरा हिस्सा नुसत्या आंब्यावर घातला, तर आंबा गोड निघतो, पण डाळ कमी पडते.

हंगाम झाला. सिद्धार्थनं काय केलं? २२ सामने, चढाईचे २१७ गुण. पुन्हा ऐका. आदल्या वर्षी २१८, या वर्षी २१७. म्हणजे गड्यानं आपलं काम जसंच्या तसं केलं. पण यू मुंबाला चढाईचा एक गुण साधारण १६ हजार ७०० रुपयांना पडला होता. टायटन्सना तोच गुण साधारण ६६ हजार ८०० ला पडला. माल तोच, तोलही तोच, भाव चौपट.

आणि संघ? बारा संघांत टायटन्स अकरावे आले. गंमत बघा, हंगामाचा पहिलाच सामना, २० जुलै २०१९, हैदराबादला टायटन्स विरुद्ध यू मुंबा असा होता. यू मुंबा ३१-२५ नं जिंकली. इतकंच नाही, सिद्धार्थला सोडून दिलेली यू मुंबा त्या हंगामात उपांत्य फेरीपर्यंत गेली, म्हणजे सिद्धार्थ होता त्या वर्षापेक्षा पुढं.

पुढचं सांगतो. २०२० ला करोनामुळं हंगाम झाला नाही. आठव्या हंगामात टायटन्सनी त्याला १ कोटी ३० लाखांना परत घेतलं. हंगामाच्या सुरुवातीलाच खांद्याची दुखापत झाली आणि तो बाहेर बसला. टायटन्स २२ सामन्यांत एकच जिंकले. नवव्या हंगामात त्याच खेळाडूचा भाव २० लाखांवर आला. दहाव्यात हरियाणा स्टीलर्सनी पुन्हा १ कोटी मोजले, आणि स्टीलर्स पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोचले.

३६ लाख, १४५ लाख, १३० लाख, २० लाख, १०० लाख. एकाच माणसाचे पाच भाव, सहा वर्षांच्या आत. माणूस इतका बदलतो का हो? गुडघा बदलतो, खांदा बदलतो, पण इतकं नाही. बदलत होता बाजार.

बाजार का चुकतो

कन्नडच्या लोकांना हे मी काय समजावणार. २०२३ ला अद्रकीचा भाव आठवा. ज्याच्याकडं माल होता त्याचं घर झालं. मग पुढच्या हंगामात ज्यानं कधी अद्रक लावली नव्हती त्यानंही लावली, बेणं महागात घेतलं. आणि माल निघेपर्यंत भाव उतरला. चूक काय झाली? मागच्या हंगामाचा भाव बघून पुढच्या हंगामाचं बेणं घेतलं. कबड्डीचे मालक नेमकं हेच करतात. ज्या खेळाडूचा हंगाम नुकताच उत्तम गेला तो सर्वांत महाग. त्याचा पुढचा हंगाम कुणालाच ठाऊक नसतो.

दुसरं कारण लिलावातच आहे. बैलबाजारात पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. हेड्या, घेणारा आणि विकणारा. तिसऱ्याला कळायचं नाही. तिथं फसवणूक व्हायची, पण ईर्ष्या व्हायची नाही. उघड्या लिलावात बारा मालक समोरासमोर बसतात, टीव्हीवर दिसतात. प्रत्येकानं मनात खेळाडूचा एक अंदाज केलेला असतो. कुणाचा कमी, कुणाचा जास्त, आणि खरी किंमत बहुतेकदा मध्ये कुठंतरी. पण खेळाडू कुणाला मिळतो? ज्याचा अंदाज सर्वांत जास्त त्याला. म्हणजे ज्याची चूक वरच्या बाजूला सर्वांत मोठी, तोच जिंकतो. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या तीन तेल-अभियंत्यांनी हे पहिल्यांदा नीट मांडलं. समुद्रातल्या तेलाचे पट्टे लिलावात घेणाऱ्या कंपन्यांना अपेक्षेइतका फायदा का होत नाही, हे ते शोधत होते. बोली जिंकणाऱ्याला लागणारा हा शाप आहे. तेलाचा पट्टा असो, बैल असो की चढाईपटू.

तिसरं कारण खेळाचं आहे. चढाईपटू एकटा जातो, कॅमेरा त्याच्यावर असतो, गुण त्याच्या नावावर लागतात. पकड मात्र साखळीनं होते. कोपऱ्यातला पाय धरतो, मधला कमरेला भिडतो, तिसरा रेषेकडं जाणारी वाट अडवतो, आणि गुण एकाच्या नावावर पडतो. त्यात कबड्डीचा नियम असा की चढाईपटू बाद झाला की बाहेर बसतो. त्याला आत आणायला बाकीच्यांनी गुण मिळवावे लागतात. म्हणजे दीड कोटीचा माणूस बाकावर बसलेला असताना त्याला जिवंत करायचं काम सहा-आठ लाखांच्या पोरांकडं. ती पोरं कच्ची असली तर दीड कोटी बाकावरच बसून राहतात.

पुढच्या वर्षांचे दाखले बघा. २०२२ ला तमिळ थलैवाजनी पवन सेहरावतला २ कोटी २६ लाख ५० हजारांना घेतलं. थैलीचा निम्म्याहून जास्त भाग. पहिल्याच सामन्यात गुडघा गेला, हंगाम संपला. तरी उरलेल्या तरुण पोरांनी थलैवाजना पहिल्यांदाच उपांत्य फेरीत नेलं. पुढच्या वर्षी तेलुगु टायटन्सनी त्याच पवनला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. पाच कोटींच्या थैलीतले निम्म्याहून जास्त. २२ पैकी दोन सामने जिंकले, तळाला राहिले. सिद्धार्थच्या वेळचा धडा त्याच संघाला पुरला नाही.

मुंबईच्या हॉकीतही हे होऊन गेलंय. २०१३ च्या पहिल्या हॉकी इंडिया लीगमध्ये मुंबई मॅजिशियन्सनी संदीप सिंगला ६४ हजार ४०० डॉलरला घेतलं, तेव्हाचे साधारण ३५ लाख. त्यानं ११ गोल केले, स्पर्धेत सर्वांत जास्त. मुंबई पाच संघांत पाचवी.

पण दुसरी बाजूही आहे

आता इथं थांबलो तर मी एकतर्फी बोललो असं होईल. महाग खेळाडू म्हणजे तोटाच, असं म्हणता येत नाही. इराणचा मोहम्मदरेझा शादलुई. दहाव्या हंगामात पुणेरी पलटणनं त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतलं, आणि पलटण जिंकली. अकराव्यात हरियाणानं त्याला २ कोटी ७ लाखांना घेतलं, आणि हरियाणा जिंकली. दोन वर्षं, दोन संघ, दोन करंडक. पण तो पकडणारा आहे, चढाईपटू नाही. आणि पुण्यात तो कुणाच्या शेजारी उभा होता? अस्लम इनामदार, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला, गरिबीतून आलेला पोरगा. पलटणनं त्याला नवोदितांच्या ठराविक मानधनावर घेतलं, आपल्या हाताखाली वाढवलं, कर्णधार केलं. पंकज मोहिते, आकाश शिंदे, अशी पोरं वर्षानुवर्षं एकत्र खेळलेली. १ मार्च २०२४ ला हैदराबादला अस्लमनं करंडक उचलला. समोर हरलेला संघ हरियाणाचा, त्यात आपला सिद्धार्थ.

म्हणजे घर बांधून झालं असेल तर सागवानी दार शोभतं. भिंतीच नसतील तर नुसतं दार उभं करून काय उपयोग?

टायटन्सच्या बाजूनं आणखी एक बोललं पाहिजे. पहिले सहा हंगाम त्यांचा चेहरा राहुल चौधरी होता. हैदराबादची माणसं त्याच्या नावानं यायची. सातव्या हंगामाला तो तमिळ थलैवाजकडं गेला. संघाला नवा नायक हवा होता. तिकीट, जाहिरात, पोरांच्या अंगावरची जर्सी, या सगळ्याला एक नाव लागतं. त्या १ कोटी ४५ लाखांत काही रक्कम गुणांसाठी होती, काही त्या नावासाठी. ती रक्कम गुणतक्त्यात दिसत नाही.

मग निकाल काय

माझं मत सांगतो, तुम्ही वेगळं धरू शकता.

या वादात आपण दोन प्रश्न एकात कालवतो. संघानं जास्त दिले का? आणि खेळाडूला जास्त मिळाले का?

पहिल्याला माझं उत्तर हो. एका हंगामाच्या पुराव्यावर थैलीचा तिसरा भाग देणं हा हिशोब नव्हता, आशा होती.

दुसऱ्याला माझं उत्तर नाही. सिद्धार्थ या लीगमध्ये आला तेव्हा तो विशीच्या मध्यावरून पुढं गेलेला होता. त्याआधीची सगळी वर्षं तो खेळतच होता. ती वर्षं कुणी मोजली? आणि एक खांदा निखळला की दीड कोटीचे वीस लाख होतात, हे आपण पाहिलं. निवृत्तिवेतन नाही, एक तारखेची खिडकी नाही. जुन्या पद्धतीत मोठ्या खेळाडूला कमी मिळायचं, पण आयुष्यभर मिळायचं. नव्या पद्धतीत भरपूर मिळतं, पण कधी थांबेल ते सांगता येत नाही. खाशाबांना, धनराजला जे मिळालं नाही त्याच्याशी ताडून पाहिलं, तर १ कोटी ४५ लाख हा आकडा मला डोळ्यात खुपत नाही.

माझ्या बरोबरचा एक मित्र होता. नाव सांगत नाही. जिल्ह्यात त्याच्यासारखी पायपकड कुणाची नव्हती. खेळाच्या जोरावर नोकरीचं आश्वासन मिळालं होतं. भरतीच्या आदल्या वर्षी गुडघा गेला. आश्वासन देणारे पुन्हा भेटले नाहीत. आज तो दुसऱ्याच्या दुकानात हिशोब लिहितो. त्याच्या गुडघ्याचा लिलाव कधी झाला नाही. कुणाला जास्त दिले, असा वाद ऐकला की मला तो आठवतो.

श्रोत्यांच्या प्रश्नांतून

एक पालक: सर, माझा मुलगा अकरावीला आहे, कबड्डी चांगली खेळतो. शिक्षण सोडून पूर्ण वेळ खेळायचं म्हणतो. काय करू?

दादा, त्याला खेळू द्या, पण पुस्तक सोडू देऊ नका. टीव्हीवर कोटीचा आकडा सांगतात तो चार-दोन जणांचा. दहाव्या हंगामात सर्वांत खालच्या गटाची मूळ किंमत ९ लाख होती, आणि त्या गटातही कित्येकांना कुणी घेतलंच नाही. त्याचं स्वप्न मोडू नका. फक्त त्याला विचारा, खांदा गेला तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करशील? त्याचं उत्तर त्याच्याकडं तयार असलं पाहिजे.

एक विद्यार्थिनी: सर, तुम्ही इतक्या वेळात एकाही मुलीचं नाव घेतलं नाही.

खरंय ताई, ही माझी चूक आहे. आणि फक्त माझी नाही. २०१६ ला प्रो कबड्डीसोबत महिलांची तीन संघांची छोटी स्पर्धा झाली होती. सामने लोकांनी आवडीनं पाहिले, पण ती पुढं चालली नाही. त्याच महाराष्ट्रातल्या अभिलाषा म्हात्रेसारख्या मुलींनी भारताला सुवर्णं मिळवून दिली आहेत. आपण मुलांना जास्त दिले का यावर तासभर बोललो. मुलींच्या बाबतीत असा वाद घालायची वेळच आलेली नाही. मी परत आलो तर तुझ्या या प्रश्नावरच बोलेन.

एक शेतकरी: मास्तर, अद्रकीचं बोललात म्हणून विचारतो. भाव पडला की आमचं नुकसान. सिद्धार्थचा भाव पडला तेव्हा नुकसान कुणाचं?

काका, तुम्ही मला अडचणीत आणलं! खरं सांगू का, त्याचंच. मालकानं दुसरा खेळाडू घेतला, प्रेक्षकानं दुसरं नाव घेतलं. पण तुमच्यात आणि त्याच्यात एक साम्य आहे. भाव वर गेला तेव्हा तुम्ही दोघांनी जे काम केलं, तेच काम भाव पडल्यावरही केलं. त्यानं वीस लाखांत चढाई सोडली नाही, आणि पुढच्या वर्षी परत कोटीला गेला. तुम्हीही रान पडीक ठेवत नाही.

घाटातल्या त्या बाबांना मी जाताना पुन्हा भेटणार आहे. त्यांना एवढंच सांगीन की पोरगा कोटीचा असेल-नसेल, आधी त्याच्या पायात बूट घाला.